शंका शाबूत आहे तोवर

वयात येणारा मुलगा आरशासमोर अंमळ अधिक वेळ उभा राहू लागला, तर घरातील वडीलधाऱ्यांना त्यात काही वावगे वाटत नाही, आणि वाटण्याचे कारणही नाही. मिसरूड फुटण्याच्या त्या वयात आपण कोण, कसे दिसतो, लोक आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहतात, हे प्रश्न पडायचेच. परंतु एखादा मुलगा समोर दिसणारा चेहरा खरोखर आपलाच आहे की नाही, याची खात्री करून घेण्यासाठी त्या आरशासमोर उभा राहत असेल, तर? आपल्या डोक्यात उमटलेला विचार आपणच केला की तो बाहेरून कोणी आत सोडला, अशी शंका त्याला वर्गात बसल्या बसल्या येत असेल, तर? समोर बसलेल्या मित्राचे हसणे आणि आपले हसणे यांच्यातील सीमारेषा क्षणभर पुसली गेली, असे वाटून तो घाबराघुबरा होत असेल, तर? असा मुलगा हे सारे बहुधा कोणाला सांगत नाही. सांगायला त्याच्याजवळ शब्द नसतात, आणि शब्द सापडले तरी ‘वेड लागले’ या दोन शब्दांची धास्ती त्याचे तोंड बंद करते. घरच्यांना दिसते ते एवढेच, की पोरगा अबोल झाला, अभ्यासात मागे पडला, रात्र रात्र जागू लागला. मग कोणी त्याला आळशी म्हणतो, कोणी परीक्षेचा ताण म्हणतो, कोणी दृष्ट काढतो.

या स्थितीचा अभ्यास गेली तीन-चार दशके जगभर चालू आहे. सायकोसिस, म्हणजे वास्तवाचे भान सुटण्याचा विकार, जडण्याआधी पुष्कळ तरुणांमध्ये काही महिने, क्वचित काही वर्षे, एक संधिकाल असतो असे त्यातून दिसून आले आहे. या काळात ‘मी’ची ओळख आणि ‘मी’ व ‘दुसरा’ यांतील भेद डळमळू लागतो; पण तो डळमळतो आहे याची जाणीव त्या तरुणाला असते. ‘हे खरे की भास?’ असे तो स्वतःलाच विचारत असतो. ही शंका शाबूत असणे हीच आशेची जागा होय, आणि ती शाबूत आहे तोवर ऐकणारे कोणी त्याच्याजवळ असावे, एवढेच आज आम्हांला सांगावयाचे आहे.

‘मी’ ही जाणीव आपण श्वासासारखी गृहीत धरतो. परंतु ती घडावी लागते. गॉर्डन गॅलप या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७० साली चिंपांझींना आरसा दाखवून ते स्वतःला ओळखतात, असे सिद्ध केले. मानवी बालकाच्या नाकावर नकळत रंगाचा ठिपका लावून त्याला आरशासमोर बसविले, तर साधारणतः दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान ते आरशातील प्रतिमेला हात न लावता स्वतःच्या नाकाला हात लावू लागते, असे १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून आढळले. त्या दिवसापासून माणूस स्वतःला ओळखतो आणि मग आयुष्यभर त्या ओळखीचा विचारही करीत नाही.

या ओळखीमागे मेंदूची एक अखंड राखण चालू असते. स्वतःच्या हाताने स्वतःला गुदगुल्या होत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. त्या का होत नाहीत, याचा उलगडा लंडनच्या सारा-जेन ब्लेकमोर, डॅनियल वोल्पर्ट आणि क्रिस्टोफर फ्रिथ या संशोधकांनी नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस केला. हात हलविण्याचा हुकूम देतानाच मेंदू त्याची आगाऊ वर्दी स्वतःच्याच संवेदना-केंद्रांना देतो. म्हणून तो स्पर्श फिका वाटतो आणि ‘हे मीच केले’ असे कळते. ज्या रुग्णांना आवाज ऐकू येत होते किंवा आपल्या हालचाली दुसराच कोणी घडवितो असे वाटत होते, त्यांना मात्र स्वतःचा स्पर्श आणि परक्याचा स्पर्श यांत फारसा फरक जाणवला नाही. फ्रिथ यांनी १९९२ सालीच मांडले होते की, मनातल्या मनात बोलणे हीदेखील एक कृतीच आहे. तिची वर्दी वाटेत हरवली, तर माणसाचे स्वतःचेच बोलणे परका आवाज होऊन त्याच्या कानी पडू शकते. हा सिद्धांत सर्व शंकांचे समाधान करतो असे नाही. तथापि रुग्णांना त्यांचाच ध्वनिमुद्रित आवाज पट्टी बदलून ऐकविला असता ‘हा दुसऱ्या कोणाचा तरी’ असे सांगण्याकडे त्यांचा कल निरोगी माणसांपेक्षा अधिक असतो, हे प्रयोगान्ती दिसले आहे. विकार अद्याप जडलेला नाही परंतु जोखीम आहे, अशा तरुणांमध्येही या राखणीतील सौम्य त्रुटी आढळल्या आहेत. मात्र सगळ्या प्रयोगांचे निष्कर्ष एका सुरात बोलत नाहीत, आणि आरशाची, आवाजाची वा गुदगुल्यांची कोणतीही चाचणी एकट्याने निदान करू शकत नाही, हेही येथेच नमूद केले पाहिजे.

विकाराच्या या उंबरठ्याचा पद्धतशीर विचार प्रथम जर्मन मनोविकारतज्ज्ञांनी केला. पुढे नव्वदीच्या दशकात ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे पॅट्रिक मॅक्गोरी आणि ॲलिसन युंग यांनी अशा तरुणांसाठी स्वतंत्र दवाखाना चालवून जोखीम ओळखण्याचे निकष बांधले. कोपनहेगनचे योसेफ पार्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली ५७ बाबींची एक मुलाखत-पद्धती सिद्ध केली. ‘मी’च्या अनुभवातील सूक्ष्म बिघाड टिपणे हाच तिचा हेतू. विचार आपले न वाटणे, आपण इथे आहोत ही भावना विरळ होणे, शरीर परके भासणे, आरशातील प्रतिमेबद्दल अस्वस्थता, आपली व दुसऱ्याची हद्द एकमेकींत मिसळणे, अशा गोष्टी त्या मुलाखतीत तास दोन तास शांतपणे विचारल्या जातात. मेलबर्नच्या तरुणांवर अशाच पद्धतीने केलेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांच्या ‘मी’च्या अनुभवात असा बिघाड अधिक होता त्यांना पुढे विकार जडण्याची शक्यताही अधिक दिसली.

परंतु शक्यता आणि अटळता यांतील अंतर आपण विसरता कामा नये. त्याच २०१२ साली अनेक अभ्यासांचे एकत्रित गणित मांडले गेले. त्यानुसार जोखमीच्या निकषांत बसणाऱ्या आणि मदतीसाठी दवाखान्यात आलेल्या १०० तरुणांपैकी सुमारे २२ जणांना एका वर्षात आणि सुमारे ३६ जणांना तीन वर्षांत विकार जडला. नंतरच्या, २०२१ सालच्या गणितात तीन वर्षांचे हे प्रमाण सुमारे चतुर्थांशावर आले. याचाच अर्थ असा, की ज्यांच्याकडे आपण काळजीने पाहतो त्यांतील बहुसंख्य तरुणांना तो विकार होत नाही. काही सावरतात, काहींना उदासीनतेचे वा चिंतेचे आजार राहतात, काही आपापल्या वाटेने पुढे जातात. जोखीम ओळखणे म्हणजे भविष्य वर्तविणे असे समजून जो डॉक्टर, जो शिक्षक वा जो बाप वागेल, तो मदतीच्या नावाने अपकारच करील.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी २०१३ साली आपल्या निदान-ग्रंथाची पाचवी आवृत्ती काढली, तेव्हा या जोखीम-स्थितीला अधिकृत आजार म्हणून मुख्य यादीत स्थान द्यावे की नाही यावर मोठा वाद झाला. शेवटी ‘अधिक अभ्यासाची गरज’ म्हणून ती परिशिष्टात ठेवण्यात आली. विरोधकांचे म्हणणे असे, की पोरवयातील विचित्रपणालाही आजाराचा शिक्का बसेल आणि औषध-कंपन्यांना नवे गिऱ्हाईक मिळेल. ही भीती अनाठायी होती असे म्हणता येणार नाही. तीव्र औषधांची घाई या टप्प्यावर करू नये, प्रथम संवाद-उपचार, झोप, व्यसनमुक्ती आणि घरच्यांचे समुपदेशन यांवर भर द्यावा, असाच आजच्या जाणत्यांचा कौल आहे. माशाच्या तेलाने विकार टळेल, अशी आशा २०१० सालच्या व्हिएन्नातील एका प्रयोगाने निर्माण केली होती. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात ती फोल ठरली. मासळीच्या प्रदेशात राहणाऱ्या आपल्या वाचकांनी हे मुद्दाम ध्यानात ठेवावे. कारण असल्या सोप्या तोडग्यांच्या जाहिराती यायला वेळ लागत नाही.

नावातही पुष्कळ काही असते. स्किझोफ्रेनिया या शब्दाचे ‘दुभंगलेले व्यक्तिमत्त्व’ असे सैल भाषांतर आपल्याकडे रूढ झाले आणि एका देहात दोन माणसे नांदतात, असा नाटक-सिनेमी समज पसरला. ‘छिन्नमनस्कता’ हा शब्दही ऐकणाऱ्याच्या काळजात धस्स करणारा. जपानने २००२ साली ‘मन फाटल्याचा रोग’ अशा अर्थाचे जुने नाव बदलून त्याजागी मनाचा मेळ विस्कटल्याचे सुचविणारे सौम्य नाव घेतले, आणि रुग्णाला त्याच्या आजाराचे नाव मोकळेपणाने सांगणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाण दोनेक वर्षांत जवळजवळ दुपटीवर गेले. उपचाराचा आरंभ मुळात संभाषणाने होतो, हा त्याचा धडा.

आता प्रश्न असा, की मेलबर्न आणि कोपनहेगन येथे सुचलेले हे शहाणपण आपल्या देशात कोठवर पोहोचणार? मुंबई-पुण्याच्या मोठ्या इस्पितळांकडे पाहून त्याचे उत्तर मिळत नाही. सार्वजनिक व्यवस्थेची परीक्षा तिच्या शेवटच्या टोकाला होते. म्हणून आम्ही वाचकांचे लक्ष आपल्या किनाऱ्यापासून फार दूर असलेल्या, पण मराठीच्या अंगणाला लागून असलेल्या एका जिल्ह्याकडे वेधू इच्छितो. तो जिल्हा म्हणजे मध्य प्रदेशातील बालाघाट.

वैनगंगेच्या काठचा हा जिल्हा पूर्वी मध्य प्रांतात भंडारा-नागपूरचा सोबती होता. १९५६ च्या राज्य-पुनर्रचनेत भंडारा-नागपूर मराठी मुलखात आले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. नकाशावरची रेघ ओढली गेली. बोली आणि सोयरिकी मात्र रेघेच्या दोन्ही अंगांना तशाच राहिल्या. वारासिवनी, कटंगी, लांजी या भागांत पोवारी आणि मराठीच्या वळणाच्या बोली कानी पडतात, बैहरच्या डोंगराळ भागात गोंड आणि बैगा राहतात, कचेरीची आणि शाळेची भाषा हिंदी. भरवेलीला मँगनीजची खोल खाण आहे, मलाजखंडला तांब्याची. पण जिल्ह्याचा मोठा भाग भातशेती, जंगल आणि कामासाठी बाहेर जाणे यांवरच जगतो. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १७ लाखांवर होती आणि दर हजार पुरुषांमागे १०२१ स्त्रिया होत्या. मध्य प्रदेशात दुर्मीळ असलेली ही गोष्ट त्या समाजाच्या एका निरोगी अंगाची साक्ष देते.

अशा जिल्ह्यातील सतरा वर्षांच्या मुलाच्या मनात ‘हा विचार माझा की परक्याचा’ अशी शंका आली, तर तो ती कोणाला सांगणार आणि कोणत्या भाषेत? आईशी तो पोवारी किंवा गोंडी बोलतो, मास्तरांशी हिंदी, गोंदियाच्या बाजारात मराठी. ताप आला हे कोणत्याही भाषेत सांगता येते. परंतु ‘मी माझ्यात नाही’, ‘माझे बोलणे मला माझे वाटत नाही’, ‘लोकांचे डोळे माझ्या आत उतरतात’ हे सांगायला मातृभाषाच लागते. परक्या भाषेत ते एक तर हास्यास्पद होते, नाही तर त्याचे रूपांतर ‘चक्कर येते’, ‘डोके जड होते’ अशा शारीरिक तक्रारीत होते. ५७ बाबींची ती मुलाखत कितीही शास्त्रशुद्ध असो, ती मुलाच्या भाषेत उतरली नाही तर तिचा उपयोग शून्य. राज्याची दोन जुनी मनोरुग्णालये ग्वाल्हेर आणि इंदूर येथे, म्हणजे बालाघाटहून राज्याच्या दुसऱ्या बाजूला. जबलपूरचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय गाठायचे, तर तेही सातपुडा ओलांडून. भाषेने आणि नात्याने नागपूर जवळचे, पण ते दुसऱ्या राज्यात. सीमेवरच्या माणसाची ही जुनीच कुचंबणा आहे. मनाच्या आजारात ती दुप्पट होते, एवढेच.

आणि मग तो मुलगा जातो कोठे? तो जातो गुनियाकडे. त्या मुलखात बैगा हे झाडपाल्याचे आणि मंत्रतंत्राचे जाणकार मानले जातात. इतर जमातीही त्यांच्याकडे जातात. हे वाचून आपल्या वाचकांनी नाक मुरडू नये. आपल्याकडे घाडी नाहीत काय? देवळात कौल लावला जात नाही काय? जत्रेत, शिमग्यात देवाचा भार येतो, अवसर उभा राहतो, आणि आपण हात जोडतो. तेव्हा ‘मी’ आणि ‘दुसरा’ यांची सीमा ओलांडणे ही आपल्या संस्कृतीला अनोळखी गोष्ट नव्हे. म्हणूनच येथे भेद नीट समजावून घेणे अगत्याचे आहे. अवसर येतो त्याला वेळ असते, जागा असते, विधी असतो. गाव तो ओळखते, आणि तो उतरला की तोच माणूस दुसऱ्या दिवशी आपल्या शेतात वा होडीवर कामाला जातो. त्याची सीमा उघडते आणि पुन्हा मिटते. जोखमीतील मुलाची सीमा भलत्या वेळी, एकटेपणी उघडते, ती मिटेल अशी शाश्वती त्याला राहत नाही, आणि त्याच्या अनुभवात गावाचा वाटा नसतो. पहिल्यात माणूस समाजाशी अधिक जोडला जातो, तर दुसऱ्यात तो तुटत जातो.

हाच विवेक तत्त्वज्ञानाच्या बाबतीतही बाळगला पाहिजे. ‘कोऽहम्’ हा प्रश्न आपल्या परंपरेत थोर मानला गेला आहे, आणि ‘मी’पणा गळून पडावा ही तर संतांची शिकवण. त्यामुळे ‘मी कोण तेच मला कळत नाही’ असे म्हणणाऱ्या मुलात कोणाला वैराग्याचा अंकुर दिसण्याचा संभव आहे. परंतु साधक तो प्रश्न पक्क्या जमिनीवर उभा राहून विचारतो; गुरूचा हात त्याच्या पाठीवर असतो आणि त्या शोधातून त्याला शांती लाभते. या मुलाच्या पायांखालची जमीनच सरकत असते आणि त्याच्या पदरी येते ती धास्ती. भरलेल्या घराचा त्याग करणे वेगळे आणि घर डोळ्यांदेखत कोसळणे वेगळे.

संस्कृतीमुळे आजाराचे मूळ नाहीसे होत नसले तरी त्याचे रूप बदलते, हेही संशोधनाने दाखविले आहे. टान्या लुहरमन या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ स्त्रीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी चेन्नई, घानातील आक्रा आणि कॅलिफोर्नियातील सॅन मॅटिओ येथील, आवाज ऐकू येणाऱ्या रुग्णांशी बोलून तुलना केली. अमेरिकेतील रुग्णांना ते आवाज मनावर चालून आलेल्या हिंसक परक्यांचे वाटत. चेन्नईतील अनेकांना ते नातलगांचे वाटत आणि ते स्वयंपाक कर, आंघोळ कर अशा घरगुती सूचना देत, कधी रागावत. नात्यांच्या जाळ्यात वाढलेल्या माणसाचा ‘दुसरा’ही नात्यातलाच असतो. म्हणूनच परदेशी निकष येथे जसेच्या तसे चिकटविणे धोक्याचे, आणि ‘आपल्याकडे असले आजार नसतात’ असे म्हणून हात झटकणे त्याहूनही धोक्याचे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने याची जाण ठेवली आहे. समाजातील रूढ धार्मिक वा सांस्कृतिक समजुतींशी कोणाचे पटत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरविता येणार नाही, असे त्याचे तिसरे कलम सांगते.

दुसऱ्या टोकाचे भान देण्यास एरवाडीची आठवण पुरे आहे. तमिळनाडूतील त्या तीर्थस्थानी ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत पंचवीसहून अधिक मनोरुग्ण जळून मेले, कारण ते साखळदंडांनी बांधलेले होते. त्यांना तेथे आणणाऱ्या नातलगांच्या मनात द्वेष नव्हता. दुसरा उपायच कोणी सांगितला नव्हता. तेव्हा गुनियाला वा घाड्याला शत्रू ठरविण्यापेक्षा त्याला हे शिकवावे की, झोप उडालेले, स्वतःशी बोलणारे, आपला विचार परका वाटणारे पोर आले तर विधी हवा तर कर, पण त्याला दवाखान्यातही पाठव. मात्र जो डांबील, मारील, साखळीने बांधील, त्याला कायद्याचा बडगा दाखविलाच पाहिजे.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला. कर्नाटकातील बेल्लारीच्या अनुभवावरून १९९६ पासून तो जिल्हापातळीवर नेण्यास आरंभ झाला. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही दूरध्वनी-सेवा चालू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असावयास हवा. पण कागदावरील योजना आणि माणसापर्यंत पोहोचलेली मदत यांतले अंतर बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत मोजले गेले. बारा राज्यांच्या त्या पाहणीत मध्य प्रदेशही होता. प्रौढांपैकी सुमारे १.४ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी सायकोसिसच्या गटातील विकार होतो, आणि असा विकार असलेल्या चारांपैकी तिघे उपचाराबाहेर राहतात, असे तीत आढळले. देशाचे प्रमाण एका जिल्ह्याला जसेच्या तसे लावता येत नाही. पण ढोबळमानाने लावले तरी बालाघाटसारख्या जिल्ह्यात हा आकडा काही हजारांच्या घरात जातो. विकार जडून चुकलेल्यांची ही कथा. मग उंबरठ्यावर उभ्या असलेल्या पोरांची गणती कोण ठेवणार? विकार सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंत जितका काळ लोटतो तितके सावरणे कठीण होते, हे आता निर्विवाद आहे.

तज्ज्ञ डॉक्टर गावोगाव मिळणार नाहीत, हे खरे. पण त्यावाचून सारेच अडते असे नाही, आणि हे दाखवून देण्यात आपल्या गोमंतकाचा वाटा आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर गोवा, सातारा आणि तमिळनाडू येथे झालेला एक प्रयोग २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गावातीलच साध्या शिक्षणाच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन रुग्णाच्या घरी पाठविले, तर केवळ दवाखान्याच्या उपचारापेक्षा रुग्णाची लक्षणे आणि त्याचे परावलंबित्व अधिक कमी होते, असे त्यात दिसले. लाभ माफक होता, पण खरा होता. १९९६ साली गोव्यात जन्मलेल्या ‘संगाथ’ या संस्थेने पुढे मध्य प्रदेशातीलच सिहोर जिल्ह्यात सरकारी यंत्रणेला हाताशी धरून मानसिक आरोग्याचे काम केले. जे सिहोरला जमले ते बालाघाटला का जमू नये?

आमच्या मते त्यासाठी चार गोष्टी तातडीच्या आहेत. पहिली, नववीपासून पुढच्या प्रत्येक शाळेत आणि महाविद्यालयात एका तरी शिक्षकाला या लक्षणांची ओळख करून द्यावी. निदान करण्यासाठी नव्हे, ऐकून घेण्यासाठी. दुसरी, आशा कार्यकर्तीला आणि टेलि-मानसच्या समुपदेशकाला स्थानिक बोलीतील प्रश्न द्यावेत. पोवारी, गोंडी आणि बैगांच्या बोलीत ‘मी’विषयी माणसे कशी बोलतात, हे त्या त्या समाजातील माणसांना बसवूनच ठरवावे. तिसरी, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही सरकारांनी सीमेची अडचण दूर करावी, म्हणजे बालाघाटच्या मुलाला गोंदिया वा नागपूर येथे दाखविले तर त्याचे कागद आणि औषधे रेघ ओलांडताना अडणार नाहीत. चौथी, मदत मागणाऱ्या मुलाचे नाव गुप्त राहावे आणि त्याचे शाळेतील वर्ष बुडू नये. लग्न आणि नोकरी यांच्या बाजारात एकदा बसलेला शिक्का पुसत नाही. त्या भीतीपोटीच घरे गप्प बसतात.

हे सारे बालाघाटच्या निमित्ताने लिहिले, तरी आपले अंगण स्वच्छ आहे अशा समजुतीत कोणी राहू नये. बांबोळीला मानसोपचाराची संस्था आहे म्हणून आपली पोरे वेळेवर तेथे पोहोचतात असे नाही. गांजाचे आकर्षण आपल्या किनाऱ्यावर अधिक, आणि त्याचा या विकाराशी असलेला संबंध १९८७ सालीच स्वीडनमधील सैन्यभरतीच्या तरुणांच्या दीर्घ अभ्यासाने पुढे आणला. वारंवार सेवन करणाऱ्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सेवन न करणाऱ्यांच्या सुमारे सहापट आढळले. ज्याची ‘मी’ची सीमा आधीच पातळ झाली आहे, त्या मुलाला ‘थोडे घेतले तर काय होते’ असे म्हणणारा मित्र मित्र नव्हे. परमुलखात एकटे पडणे हीदेखील जोखीम वाढविणारी गोष्ट आहे, आणि बोटीवर वा आखातात मुलगा गेलेली घरे आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत. त्याच्या दूरध्वनीवरील बोलण्यात काही बदललेले जाणवले, तर पगाराची चौकशी करण्याआधी झोपेची करावी.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या २००४ सालच्या चित्रपटात अतुल कुलकर्णी यांनी अशाच विकाराने ग्रासलेला कोकणातला तरुण उभा केला. अनेक घरांनी त्या पडद्यावर आपलेच माणूस पाहिले आणि प्रथमच त्याविषयी तोंड उघडले. पण चित्रपटातला शेष आपल्याला भेटतो तेव्हा उशीर झालेला असतो. खऱ्या जीवनात त्याआधीचा एक दिवस असतो. त्या दिवशी तो आईला किंवा बहिणीला अर्धवट, अडखळत काहीतरी विचारतो, आणि ती कामाच्या गडबडीत ‘काहीतरीच काय’ म्हणून मोकळी होते.

वैनगंगेच्या काठी काय आणि मांडवीच्या काठी काय, तो दिवस सारखाच आहे. ‘मला हल्ली माझेच काही कळत नाही’ असे पोर म्हणाले, तर त्याला हसू नका, ओरडू नका आणि घाबरूनही जाऊ नका. हातातले काम बाजूला ठेवून शेजारी बसा आणि त्याला बोलू द्या. मग त्याला घेऊन जाणत्या डॉक्टरकडे चला. ज्या दिवशी तो विचारायचे थांबेल आणि भासालाच सत्य मानू लागेल, त्या दिवसानंतरही वाट आहे. पण ती लांबची आणि चढाची आहे. जवळची वाट त्याच्या शंकेतून जाते, आणि ती शंका ऐकू येण्यास तज्ज्ञाचे कान लागत नाहीत. घरातल्या माणसाचे पुरतात.